आमच्या मागीलदारी पांढरा कावळा आलाय. काय करू?

पागोळी | ३ जुलै, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहते. आमच्या मागीलदारच्या शेवग्यावर कावळ्याचं घरटं होतं. मे संपता संपता पिल्लं झाली आणि त्यातलं एक पांढरं निघालं. एखाददुसरं पीस पांढरं असं नाही, नखशिखान्त पांढरं. चोच फिकट गुलाबी, पाय गुलाबी. ऊन तिरपं पडलं की डोळा सशासारखा लालसर चमकतो.

त्याचं काळं भावंड आता शेजारच्यांच्या फणसापर्यंत उडून जातं. हे मात्र गोठ्याचा पत्रा ते न्हाणीची भिंत, एवढंच. काल मी भाकरी कुस्करून टाकली. तुकडा त्याच्या चोचीपासून वीतभर लांब होता, पण त्याला तो सापडेना. मी पितळीवर टकटक केलं की मान त्या बाजूला वळवायचं आणि भलतीकडेच चोच मारायचं. शेवटी कावळी आली आणि तिनेच तुकडा उचलून भरवला.

सासूबाई म्हणतात, घरातलंच कोणी भेटायला आलंय. मामंजी जाऊन दोन वर्षं झाली, जन्मभर पांढरं धोतर-सदरा घालायचे. त्यांचं मन मला मोडवत नाही. पण कालपासून माणसं यायला लागली आहेत. कोणी हळदकुंकू घेऊन येतं, मुलगे मोबाइल घेऊन भिंतीवर चढतात, आणि पिल्लू घाबरून पत्र्याच्या वळचणीत शिरतं. हे नेमकं काय आहे? ते जगेल का? आणि मी काय करायला हवं?

(संपादन : चिंचोके यांच्या सांगण्यावरून गावाचं नाव काढलं आहे.)

---

चिंचोके | ३ जुलै, सकाळी ८:०५

अगं पागोळी, आधी धाग्यातलं गावाचं नाव काढ, हात जोडते. का ते नंतर सविस्तर लिहिते. आत्ता फक्त काढ.

---

पागोळी | ३ जुलै, सकाळी ८:११

काढलं. पण का ते नक्की सांग.

---

मास्तर_५६ | ३ जुलै, सकाळी ९:३०

पागोळीताई, निरीक्षण फार नेटकं लिहिलंय तुम्ही. चोच गुलाबी, पाय गुलाबी, डोळा लाल, म्हणजे हा खरा अल्बिनो, अंगात रंगद्रव्यच न बनणारा. मी चाळीस वर्षं पक्षी बघतोय. पांढरे बुलबुल, पांढरे सातभाई, अर्धी पांढरी साळुंकी पुष्कळ पाहिली, पण त्या सगळ्यांचे डोळे काळेभोर होते. ते अल्बिनो नव्हेत, त्याला ल्युसिझम म्हणतात. लोक आणि वर्तमानपत्रं सरसकट सगळ्यांनाच अल्बिनो म्हणून मोकळे होतात. पांढरा पक्षी दिसला की आधी पिसं बघू नये, डोळा बघावा.

खरा अल्बिनो पक्षी मोठा झालेला दिसणं फार दुर्मीळ. घरट्यात जन्माला येतात, पण घरटं सोडल्यावर टिकत नाहीत, कारण नजर. तुमच्या भाकरीच्या तुकड्यात ते आलंच आहे. तेव्हा जगेल का, याचं उत्तर मनाची तयारी ठेवून ऐका : शक्यता कमी आहे.

---

भिंगरी | ३ जुलै, सकाळी ९:५२

एक भाबडा प्रश्न. मग बगळा अल्बिनो का नाही? तोही नखशिखान्त पांढरा.

---

मास्तर_५६ | ३ जुलै, सकाळी १०:१०

नखशिखान्त नाही हो! लहान बगळा आठवा. चोच काळी, पाय काळे, पंजे पिवळे. म्हणजे काळा रंग बनवण्याची सोय शरीरात शाबूत आहे, फक्त पिसांत तो घालायचा नाही असा त्या जातीचा रिवाज. अल्बिनोच्या शरीरात ती सोयच नसते.

---

जनुक | ३ जुलै, दुपारी १:१५

मास्तरांच्या मुद्द्याला जोड. मी महाविद्यालयात हाच विषय शिकवते, तिथे देते तेच उदाहरण देते.

घर रंगवायचं आहे. एका घरात रंगारी शिडीवर चढून तयार आहेत, पण त्यांच्या डब्यात रंगच नाही. हा अल्बिनो. रंगपेशी सगळीकडे जागच्या जागी असतात, पण टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य, बनवणारं विकर (एन्झाइम), टायरोसिनेज, काम करत नाही, किंवा त्या साखळीतला दुसरा एखादा दुवा तुटलेला असतो. दुसऱ्या घरात डबे भरलेले आहेत, पण रंगारी भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत. हा ल्युसिझम. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि प्रवास करत कातडीत पोचतात. वाटेत त्या हरवल्या की तेवढा भाग, किंवा सगळं अंगच, पांढरं राहतं.

मग ल्युसिस्टिक प्राण्याचा डोळा काळा कसा? डोळ्याच्या पडद्यामागे जो गडद थर असतो, त्याच्या पेशी हा प्रवास करतच नाहीत. त्या डोळ्यातच घडतात. म्हणून प्रवास बिघडला तरी तो थर काळा राहतो. अल्बिनोत मात्र रंगच नसल्यामुळे तो थरही बिनरंगाचा होतो आणि आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग बाहेर दिसतो.

अल्बिनो पिल्लाचे आईबाप काळेच असतात. दोघांकडे दोषाची एकेक प्रत झाकलेली असते. दोन्ही प्रती एकाच पिल्लात आल्या की ते पांढरं. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लासाठी ही शक्यता चारात एक. पागोळी, त्या कावळीने काही वावगं खाल्लं म्हणून किंवा ग्रहणात अंडं दिलं म्हणून असं झालेलं नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

---

शेकोटी | ३ जुलै, दुपारी १:४०

कावळीण बिचारी दरवर्षी कोकिळेची पोरं आपली म्हणून वाढवते. पांढऱ्या पोराला टाकेल होय!

---

गोखरू | ३ जुलै, दुपारी ३:२०

पुण्यात आमच्या भागात एका उपाहारगृहामागे कचऱ्याचे डबे असतात. तिथल्या तीन-चार कावळ्यांच्या पंखांवर पांढरे पट्टे आहेत, उडताना चांगले दिसतात. तेही हेच का?

---

जनुक | ३ जुलै, दुपारी ४:००

नाही, ते बहुधा खाण्यामुळे. नुसता पाव, भात, तळलेलं असं शिळंपाकं खाऊन वाढलेल्या कावळ्याला पीस उगवण्याच्या काळात लायसिनसारखी अमिनो आम्लं कमी पडतात, आणि तेवढा पट्टा रंगाविना राहतो. चांगलं खायला मिळालं तर पुढच्या वेळी पीस गळून काळं येतं. जन्मजात नाही. त्यामुळे गोखरू, तुमचे कावळे त्यांच्या ताटाची गोष्ट सांगताहेत.

---

वाडेकर_काकू | ३ जुलै, संध्याकाळी ६:३०

तुम्ही सगळे शिकलेले आहात, मी वाद घालत नाही. पण ऐरावत पांढरा, उच्चैःश्रवा पांढरा. पांढरं जनावर दिसणं शुभच. आमच्या अंगणात एकदा पांढरी चिमणी आली होती, त्याच आठवड्यात आमच्या थोरल्याला नोकरीचं पत्र आलं. पागोळीच्या सासूबाईंना कोणी हसू नका एवढंच सांगणं.

---

भिंगरी | ३ जुलै, संध्याकाळी ६:५०

काकू, हसत तर कोणीच नाही. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, तसं आहे ते. तुमचा मुलगा त्याच्या अभ्यासाने लागला नोकरीला, श्रेय त्याला द्या. आणि शुभ म्हटलं की गर्दी होते. पत्र्याच्या वळचणीत शिरलेल्या पिल्लाला ते शुभ कसं वाटेल?

---

पागोळी | ३ जुलै, रात्री ९:१०

काकू आणि भिंगरी, दोघींचंही पटतंय. सासूबाई आज दिवसभर भिंतीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. श्रद्धेने बसल्या होत्या, पण त्यामुळे एकही मुलगा भिंतीवर चढला नाही.

---

चिंचोके | ४ जुलै, सकाळी ७:००

आता नाव का काढायला लावलं ते लिहिते.

केनियात गारिसा भागात इशाकबिनी नावाचं राखीव क्षेत्र आहे. तिथे २०१७ मध्ये एक पांढरी जिराफीण आणि तिचं पिल्लू यांचं चित्रण जगभर पसरलं. ल्युसिस्टिक होती ती, डोळे काळे. पुढे तिला आणखी एक पांढरं पिल्लू झालं. मार्च २०२० मध्ये ती आणि तिचं एक पिल्लू यांचे सांगाडे सापडले. शिकाऱ्यांनी मारलं. उरला एकटा नर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या शिंगाला जीपीएस यंत्र बसवलं, ते दर तासाला त्याचा ठावठिकाणा कळवायचं. ज्यांनी आधीचे फोटो पसरवले त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कौतुकानेच टाकले होते.

मी पूर्वी एका निसर्गगटात होते. आम्ही एका ओढ्याकाठी पांढरं साळिंदर पाहिलं. मीच उत्साहाने गटावर टाकलं, ओढ्याच्या नावासकट. दोन आठवड्यांनी तिथे गेले तर बिळाच्या तोंडाशी धूर केल्याच्या खुणा, काळी पडलेली माती, आणि आजूबाजूला विखुरलेले पांढरे काटे. काळे-पांढरे पट्ट्यांचे नव्हेत, नुसते पांढरे. ती गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. म्हणून सांगते, फोटो काढा, नोंद ठेवा, पण जागा सांगू नका.

---

सर्पमित्र_वाई | ४ जुलै, सकाळी ८:२५

चिंचोकेताई, शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे तर भाव करायलाच माणसं येतात.

मागे ऊसतोडीच्या वेळी फोन आला, फडात 'सोनेरी साप' निघालाय. गेलो तर अल्बिनो नाग. अंग दुधात हळद कालवल्यासारखं, डोळे माणकासारखे लाल, फणा काढला तर मागचा आकडा जेमतेम दिसतोय. सापांच्या कातडीत पिवळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या असतात, मेलॅनिन गेलं तरी पिवळा उरतो, म्हणून तो सोनेरी. बघ्यांतला एक जण म्हणाला, हा पवित्र, हा चावत नाही, आणि हात पुढे केला. मी त्याला मागे ओढला. सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा : रंग गेला म्हणून विष जात नाही. पांढरा नाग तेवढाच विषारी.

संध्याकाळी एक अनोळखी फोन. "किती देऊ?" मी वनखात्याला कळवून त्याच रात्री, पकडला त्याच्या जवळच पण माणसांपासून आत, सोडला. पंचनाम्यात नोंद आहे, जागा मात्र आम्हा तिघांनाच माहीत.

सापाचं एक बरं असतं. जिभेने वास घेऊन शिकार करतो, नाग बराचसा संध्याकाळनंतर फिरतो. नजर कमी असली तरी निभावतं. मी पकडला तो चांगला साडेतीन फुटी होता, म्हणजे काही वर्षं जगला होता. कावळ्याला ती सवलत नाही.

---

शेकोटी | ४ जुलै, सकाळी ९:००

पण दादा, सोडायचा कशाला? प्राणिसंग्रहालयात ठेवला असता तर सुरक्षित राहिला असता. पागोळीच्या पिल्लाचंही तेच म्हणतो मी.

---

निवांत_नागपूर | ४ जुलै, सकाळी ११:४५

शेकोटी भाऊ, मग पांढऱ्या वाघाची कथा ऐका. बरीच मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी मुकुंदपूरला जाऊन आलो, मध्य प्रदेशात, मैहर जिल्ह्यात (पूर्वी सतना जिल्हा), २०१६ पासून तिथे पांढऱ्या वाघांची सफारी आहे. त्याच मुलुखात, रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी २७ मे १९५१ ला शिकारीत एक पांढरा बछडा पकडला. आई आणि बाकीचे बछडे मारले गेले. याचं नाव मोहन. गोविंदगढच्या वाड्यात ठेवला. बेगम नावाच्या वाघिणीबरोबर जुळवला तर सगळी पिवळीच पिल्लं. मग बेगमपासून झालेली त्याची स्वतःचीच लेक राधा, तिच्याबरोबर जुळवला. ३० ऑक्टोबर १९५८ ला चार पिल्लं, चारही पांढरी. त्यातली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हाती सोपवली. जगातल्या संग्रहालयांमधले बहुतेक पांढरे वाघ या मोहनच्या वंशातले. बाप-लेक, भाऊ-बहीण, पुन्हा तेच. तिरळे डोळे, वाकडा कणा, अशक्त पिल्लं. जंगलातला शेवटचा पांढरा वाघ १९५८ मध्येच गोळीला बळी पडला, म्हणजे ज्या वर्षी पिंजऱ्यात पांढरी पिल्लं जन्मली त्याच वर्षी.

मी पिंजऱ्यापाशी अर्धा तास उभा होतो. एक वाघ जाळीपर्यंत येई, मान किंचित तिरपी करी, परत फिरे. शेजारी एक बाई मुलाला सांगत होत्या, "बघ, किती दुर्मीळ जात आहे." जात नाही हो ती. तोच आपला पट्टेवाला वाघ आहे.

---

गोखरू | ४ जुलै, दुपारी १२:३०

निवांतभाऊ, थोडा असहमत. मी आठ वर्षांचा असताना औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानात वडिलांच्या खांद्यावर बसून पांढरा वाघ पाहिला. वाघाचं वेड मला तिथून लागलं. आज दरवर्षी वन्यप्राणी गणनेला स्वयंसेवक म्हणून जातो. अशी किती मुलं असतील. त्या वाघाने ते काम केलंच ना?

---

निवांत_नागपूर | ४ जुलै, दुपारी १२:५५

केलं, मान्य. पण पिवळा वाघ दाखवला असता तरी तुम्ही वेडे झाला असतात. आठ वर्षांच्या पोराला वाघ पुरतो, रंग मोठ्यांना लागतो. अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये पांढरे वाघ, पांढरे सिंह मुद्दाम पैदा करू नयेत असं ठरवलं, ते याचसाठी. मी तर म्हणतो, आहेत त्यांना मायेने सांभाळा, नवे काढू नका.

---

जनुक | ४ जुलै, दुपारी २:१०

पांढरा वाघ अल्बिनो नाही, हे इथे नोंदवते. पट्टे काळपट आहेत, डोळे निळे. पिवळा-तांबूस रंगच तेवढा गेलेला असतो. २०१३ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी दोष शोधला : एसएलसी४५ए२ या जनुकात एका अमिनो आम्लाची अदलाबदल, बस्स. एवढ्याशा बदलाने वाघ मरत नाही. पूर्वी जंगलात मोठे, पांढरे वाघ मारल्याच्या पुष्कळ नोंदी आहेत, म्हणजे ते वाढत होते, शिकार करत होते. वाकडे कणे आणि अशक्त पिल्लं नात्यातल्या जुळवणीतून येतात. तिरळेपणाचा मात्र रंगाशी थेट संबंध आहे. डोळ्यातलं रंगद्रव्य कमी पडलं की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाट चुकते.

आणि हेच जनुक आणखी एका प्रसिद्ध प्राण्यात बिघडलेलं होतं. बार्सिलोनाचा पांढरा गोरिला, कोपितो दे निएवे, म्हणजे हिमकण. १९६६ मध्ये आफ्रिकेतल्या रियो मुनीत, म्हणजे आजच्या इक्वेटोरियल गिनीत, पकडला, कळपातले बाकीचे मारून. तो मात्र खरा अल्बिनो. २००३ मध्ये कातडीच्या कर्करोगाने गेला. त्याची बावीस पिल्लं झाली, एकही पांढरं नाही. पुढे त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा कळलं की त्याचे आईबाप काका-पुतणीसारख्या नात्यातले होते. तेही रानात, माणसाने न जुळवता. जंगलं तुटून कळप एकटे पडले की नात्यातच घरोबे होतात. ओडिशातल्या सिमलीपालमध्ये काळे भासणारे वाघ वाढले, त्याचंही कारण तेच. २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्राच्या संशोधकांनी दाखवलंय.

---

व्हँकुव्हरची_वैनी | ४ जुलै, रात्री ११:५०

उशिरा येतेय, इथली वेळ वेगळी. सगळेच पांढरे प्राणी दुबळे असतात असा सूर लागलाय म्हणून लिहिते.

आमच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर एक अस्वल आहे, इथे त्याला आत्म्याचं अस्वल म्हणतात. जात काळ्या अस्वलाचीच, पण काही पिल्लं मलईच्या रंगाची जन्मतात. एमसी१आर या जनुकातला बदल. हेच जनुक माणसांत केस लाल करतं. डोळे तपकिरी, नजर उत्तम. ग्रिबेल नावाच्या बेटावर तर अशी अस्वलं बरीच आहेत. संशोधकांनी ओढ्याकाठी बसून मोजलं, दिवसा पांढऱ्या अस्वलाला सामन मासा काळ्यापेक्षा जास्त वेळा मिळतो. माशाला खालून बघताना उजळ आभाळासमोर पांढरं अंग कमी जाणवतं. रात्री हा फायदा राहत नाही.

आणि चिंचोकेताई, तुमच्यासाठी : तिथले मूळ रहिवासी गिटगाट लोक सांगतात, त्यांच्या पूर्वजांनी कातड्यांच्या व्यापाऱ्यांसमोर या अस्वलाचा शब्दसुद्धा काढला नाही. पिढ्यान् पिढ्या गप्प राहिले.

---

चिंचोके | ५ जुलै, सकाळी ६:४०

वैनी, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आभार.

---

पहिला_बाक | ५ जुलै, सकाळी १०:२०

इथे वर्षानुवर्षं नुसता वाचतो. आज लिहितोय.

मी अल्बिनो आहे. माणूस. सोलापूर जिल्ह्यातला, वय एकेचाळीस. गावात 'भुऱ्या' म्हणत, शाळेत 'इंग्रज'. माझं नाव इथे पहिला_बाक आहे, कारण दहा वर्षं मी पहिल्याच बाकावर बसलो आणि तरीही फळा वाचू शकलो नाही. बाई बोलत ते कानाने टिपून घ्यायचो.

पागोळीताई, तुमचा भाकरीचा तुकडा वाचून मी थांबलो. लोकांना वाटतं, आम्हाला धूसर दिसतं, चष्म्याने सुटेल. तसं नाही. डोळ्याच्या पडद्यावर ज्या जागी सगळ्यात बारीक दिसतं, ती जागाच आमच्यात नीट घडत नाही. बुबुळ सतत हलतं, माझ्या आईला वाटायचं दृष्ट लागली. आणि ऊन. दुपारी सोलापुरात बाहेर पडलो की समोर नुकती चुना मारलेली भिंत असल्यासारखं होतं. त्या भिंतीआडून माणूस, बैल, एसटी, काय येईल ते अगदी जवळ आल्यावर कळतं. छत्री, पूर्ण बाह्या, काळा चष्मा. तो गोरिला कातडीच्या कर्करोगाने गेला ते वाचलं, मला ती भीती डॉक्टरांनी लहानपणीच सांगितली होती.

एक विचारतो. ते पिल्लू बसण्याआधी मान एका ठरावीक बाजूला तिरकी करतं का? मी करतो. मान डावीकडे झुकवली की माझी बुबुळं जरा शांत होतात आणि जरा बरं दिसतं. निवांतभाऊंनी वाघाचं लिहिलं तेव्हाही मला तेच आठवलं. पक्ष्यात तसं होतं का मला माहीत नाही, तुम्ही बघून सांगा.

आणि जमलं तर त्याच्यासाठी सावली करा. खाणं रोज एकाच जागी, एकाच वेळी ठेवा. आम्ही जागा पाठ करून जगतो.

---

वाडेकर_काकू | ५ जुलै, सकाळी ११:००

बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. मी शुभ-अशुभ म्हणत बसले, त्याला दिसतंय का हे मनात आलंच नाही.

---

पागोळी | ६ जुलै, संध्याकाळी ७:३०

पहिला_बाक दादा, काल-आज दोन्ही दिवस लक्ष ठेवलं. पत्र्यावर उतरायच्या आधी ते मान उजवीकडे झुकवतं आणि थांबतं. दर वेळी उजवीकडेच. मग उडी. तरी पाचातून एकदा चुकतं आणि पन्हळीत पडतं.

आता काय केलं ते सांगते. १९२६ वर, वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टला फोन केला. वनरक्षक येऊन बघून गेले. म्हणाले, जखमी नाही, आईबाप भरवताहेत, उचलून नेलं तर तेवढंही जाईल. शेकोटीदादा, तुमच्या सूचनेला हे उत्तर. भिंतीच्या टोकाला झावळ्यांची सावली केली. एक जुनी काळी परात पालथी ठेवून तिच्यावर भात-अंड्याचा गोळा, सकाळी सात आणि दुपारी चार. काळ्यावर पांढरं म्हणून दिसतं की जागा पाठ झाली, कोण जाणे, पण आज त्याने स्वतःहून दोन घास घेतले.

गर्दीचं सासूबाईंनीच मिटवलं. दादाचं लिहिणं त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बेड्याला कडी घातली आणि आलेल्यांना सांगितलं, "त्याला उजेडाचा त्रास होतो, परत जावा."

---

मास्तर_५६ | ६ जुलै, रात्री ८:१५

उत्तम. रोजची दोन ओळींची नोंद ठेवा, तारखेनिशी. पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संशोधकांनी आपल्या देशातल्या सस्तन प्राण्यांमधल्या अशा रंगबदलांच्या १८८६ ते २०१७ पर्यंतच्या नोंदी गोळा केल्यात. कोणीतरी पाहून लिहून ठेवलं म्हणूनच ते झालं. आणि पिसांवर नजर ठेवा. मेलॅनिन नुसता रंग देत नाही, पिसाला बळकटी देतं. रोहित, कुरव अशा फिकट पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, कारण हवेचा मार तिथे जास्त. तुमच्या पिल्लाची पिसं लवकर झिजतील.

---

गोखरू | ७ जुलै, सकाळी ९:००

निवांतभाऊ, दोन दिवस विचार केला. मुलीला घेऊन ताडोब्याला येतो दिवाळीत. पिवळा दाखवू.

---

निवांत_नागपूर | ७ जुलै, सकाळी ९:२०

या. मुक्काम आमच्याकडे, बाकी काही बोलायचं नाही.

---

पागोळी | १४ सप्टेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं.

नारळी पौर्णिमेपर्यंत ते होतं. परातीवर रोज यायचं, शेवटी शेवटी फणसाच्या खालच्या फांदीपर्यंत जायला लागलं होतं. काळं भावंड कधीच सुटं झालं, पण कावळी याला भरवतच होती. पौर्णिमेनंतर दोन दिवस वारा-पाऊस असा झाला की आमची केळ आडवी झाली. तिसऱ्या दिवशी ते आलं नाही. आजतागायत नाही. परात मी आठवडाभर ठेवली.

गोठ्यामागे एक पीस सापडलं. पंखाचं, माझ्या वितीएवढं. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच होतं. देठाकडे गुळगुळीत, टोकाकडे जुन्या केरसुणीसारखं विस्कटलेलं, कडा कुरतडल्यासारख्या. अडीच महिन्यांत एवढी झीज. शेजारी पट्टी धरून फोटो काढलाय आणि पीस तिथेच ठेवलं. वहीत एकोणचाळीस दिवसांच्या नोंदी आहेत, कोणाला पाठवायच्या ते सांगा.

आज मामंजींचं श्राद्ध झालं. पान ठेवलं आणि लगेच कावळे उतरले, सगळे काळे. सासूबाई मला म्हणाल्या, "परात काळी होती म्हणून त्याला घास दिसायचा. केळीचं पान उन्हात चमकतं, नसतं दिसलं."

---

पहिला_बाक | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

एकोणचाळीस दिवस. ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

---

मास्तर_५६ | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

वहीच्या पानांचे फोटो मला निरोपातून पाठवा. आपण दोघं मिळून नीट टिपण लिहू. जागेच्या ठिकाणी फक्त तालुका.

---

कैरी_पन्हं | १५ सप्टेंबर, दुपारी १२:३०

धागा आत्ताच पूर्ण वाचला. आमच्या सोसायटीच्या टाकीवर एक साळुंकी येते, डोकं आणि मान पांढरी, बाकी नेहमीसारखी. वाचल्यावर दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. डोळा गडद आहे, शेंगदाण्याचा तुकडा दहा फुटांवरून उचलून गेली. कुठल्या शहरात ते सांगत नाही.

---

चिंचोके | १५ सप्टेंबर, दुपारी १२:४५

नकोच सांगू. तारीख मात्र लिहून ठेव.